रक्तात नसलेली गोळी

१

रक्ताचा अहवाल वाचून मेंदूविकाराच्या डॉक्टरांचा विश्वास बसला नाही. त्यांनी प्रयोगशाळेला तपासणी पुन्हा करायला लावली. उत्तर तेच आलं. अतिदक्षता विभागात बेशुद्ध पडलेल्या गरोदर बाईच्या रक्तात फिट्सच्या औषधाचा मागमूसही नव्हता.

डॉक्टर अहवाल घेऊन तळघरात उतरले. तिथे चादरींच्या गोदामाशेजारच्या खोलीत रुग्णालयाच्या चौकशी अधिकारी बसत. पोलीस खातं सोडून त्यांना बरीच वर्षं झाली होती, तरी सगळे त्यांना इन्स्पेक्टरबाईच म्हणत. त्या खोलीत सहज म्हणून कुणी येत नसे. काही बिघडलं की माणसं यायची, उभ्या उभ्या बोलायची आणि निघून जायची.

"बसा," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. डॉक्टर बसले नाहीत.

"सातवा महिना आहे. भूमापन कार्यालयात नकाशे काढते. परवा संध्याकाळी बाथरूममध्ये फिट आली, पडली, डोक्याला मार लागला. मुलाचे ठोके चालू आहेत. पण असं व्हायलाच नको होतं. कॉलेजात असल्यापासून माझ्याकडे येते, एक गोळी चुकवत नाही."

"गरोदरपणात भीती वाटून बंद केली असेल."

"ती नाही करणार. पूर्वी ती जी गोळी घ्यायची, ती पोटातल्या मुलाच्या मेंदूला बाधू शकते. मूल उशिरा बोलतं, शिकायला जड जातं. सगळ्यांच्या बाबतीत होतं असं नाही, पण पुष्कळांच्या होतं. म्हणून दिवस राहायच्या आधीच मी तिला दुसऱ्या गोळीवर आणलं. ही त्या मानाने खूप सुरक्षित आहे. ही मध्येच बंद केली तर मात्र आई आणि मूल दोघांच्या जिवावर बेतू शकतं. हे सगळं तिने माझ्याकडून खोदून खोदून विचारून घेतलंय."

"मग गोळी गेली कुठे?"

"तेच शोधा. वरच्यांना भीती आहे की आपल्याच औषध विभागाने चुकीची गोळी दिली."

डॉक्टर गेल्यावर इन्स्पेक्टरबाई वर जाऊन काचेतून त्या बाईकडे बघत उभ्या राहिल्या. पांघरुणाखाली पोट संथपणे वरखाली होत होतं. खाटेशेजारी कुणीच नव्हतं. सातव्या महिन्यातल्या बाईजवळ घरचं एकही माणूस नसावं, हे त्यांना रक्ताच्या अहवालाइतकंच विचित्र वाटलं.

२

घराचं दार नणंदेने उघडलं. ती बाळंतपणाला मदत करायला म्हणून महिन्यापूर्वी परगावाहून आली होती.

"मी त्या दिवशी बाजारात गेले होते," तिने विचारायच्या आतच सांगितलं. "आणि माझं कुणाशी वाकडं नाही."

"मी फक्त औषधं बघायला आलेय."

स्वयंपाकघरातल्या फळीवर गोळ्यांची बाटली होती आणि शेजारी आठवड्याच्या वारांचे खण असलेला प्लास्टिकचा डबा. फळीच्या बाजूलाच छोट्या गॅलरीचं दार. इन्स्पेक्टरबाईंनी डबा जागेवरच ठेवून झाकण उचललं. उरलेल्या प्रत्येक खणात दोन दोन लांबट पांढऱ्या गोळ्या होत्या. प्रत्येकीच्या मधोमध एक बारीक रेघ होती. सगळ्या गोळ्या शेजारी शेजारी सरळ उभ्या ठेवलेल्या, सगळ्यांच्या रेघा एका ओळीत.

"हा डबा कोण भरतं?"

"तीच. रविवारी सकाळी भरते. मूठभर गोळ्या काढते आणि बोलता बोलता टाकत जाते. एखादी खाली पडते, ती मी उचलून देते."

"हा कुणी हलवला का?"

"हात कोण लावणार? तिला दवाखान्यात नेल्यापासून मी स्वयंपाकघरात धड उभीही राहिले नाहीये."

इन्स्पेक्टरबाई परत एकदा रेघांकडे बघत राहिल्या. मग नणंद हळूच म्हणाली, "एक सांगू? माझं नाव घेऊ नका. अडीच-तीन आठवड्यांपूर्वी, रविवारी दुपारी, तिची आई इथेच ओट्याशी उभी राहून रडत होती. मी बाहेरच्या खोलीत होते. स्पष्ट ऐकलं मी. 'त्या गोळ्यांनीच बाळाच्या डोक्याचं वाटोळं केलं. मीच केलं.' मग ही तिला गप्प करायला लागली, कुजबुज सुरू झाली. पुढचं ऐकू आलं नाही."

"'वाटोळं केलं' असंच म्हणाल्या? 'होईल' असं नाही?"

"केलं म्हणाल्या. बाई घाबरली की काहीही बोलते."

संध्याकाळी औषध विभागाने निर्वाळा दिला. बाटलीतल्या गोळ्या बरोबर होत्या. डब्यातल्या मात्र साध्या कॅल्शियमच्या निघाल्या. आकार तोच, रंग तोच, ठसा तेवढा वेगळा. अर्धवट झोपेत पाण्याबरोबर गिळणाऱ्या माणसाला कळू नये इतक्या सारख्या.

म्हणजे रुग्णालयाची चूक नव्हती. इन्स्पेक्टरबाईंचं काम खरं तर तिथेच संपत होतं. त्यांनी दिवा मालवला, खोलीला कुलूप लावलं, आणि घरी जायच्या जिन्याऐवजी परत अतिदक्षता विभागाकडे चालायला लागल्या.

३

या वेळी काचेसमोर एक माणूस उभा होता. त्याच्या निळ्या शर्टाला ग्रीसचे डाग होते. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. बाईचा नवरा.

"ऑफिसातून कळताच धावत आलो, असं तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. "तुमच्या कंपनीत विचारलं मी. त्या दिवशी तुम्ही लवकर निघाला होतात. आणि डॉक्टरांकडे जाऊन तुम्हीच मागे विचारलं होतंत, गोळी कमी करता येईल का."

त्याचा चेहरा उतरला. तो काचेकडे वळला.

"विचारलं होतं. डॉक्टर नाही म्हणाले, विषय संपला. मी गोळ्यांना हात लावलेला नाही."

"मग लवकर निघून कुठे होता?"

"खाली."

"कुठे खाली?"

"आमच्याच इमारतीखाली, व्हॅनमध्ये. रोज बसतो थोडा वेळ. घरी जायची भीती वाटते हो. दार उघडलं आणि ती पडलेली दिसली तर, असं मनात येतं. कुणाला सांगणार? बहिणीला सांगितलं तर ती बायकोला सांगेल. बायकोला सांगितलं तर ती खचेल. त्या दिवशी मी खाली गाणी ऐकत बसलो होतो, आणि वर ती..."

"आत का जात नाही?"

"कुठल्या तोंडाने जाऊ?"

इन्स्पेक्टरबाईंना हे खरं वाटलं. खोटं बोलणारा माणूस स्वतःला यापेक्षा बऱ्या जागी बसवतो. त्यांनी विचारलं, "घरात आणखी कोण येतं?"

"दर रविवारी जेवायला सासूबाई आणि बायकोचा भाऊ. दुसरं कोणी नाही."

"तुमच्या घरात कॅल्शियमच्या गोळ्या आहेत?"

"बायकोचं कॅल्शियम पातळ आहे, बाटलीतलं." तो थांबला. त्याच्या कपाळावर आठी पडली. "गोळ्या सासूबाई घेतात. हाडांसाठी. पांढऱ्या, लांबट."

४

आई दोन खोल्यांच्या घरात राहत होती. समोरच्या खुर्चीत बसताना तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"थरथरतात," ती म्हणाली. "जुनं आहे. मलाही फिट्स यायच्या. ही मुलगी झाल्यावर सुरू झाल्या. तेव्हापासून गोळ्या चालू आहेत, हात त्यांनीच थरथरतात."

"तुमच्या मुलीच्या डब्यात कॅल्शियमच्या गोळ्या सापडल्या."

आईने एकदम मान वर केली. त्या नजरेत आश्चर्य होतं, मग काहीतरी हिशेब जुळल्यासारखी ती नजर विझली. तिने उशाजवळच्या कॅल्शियमच्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांकडे बघितलं आणि लगेच डोळे वळवले.

"मी बदलल्या," ती म्हणाली. "लिहून घ्या. मीच केलं."

"का?"

"नातवंड धडधाकट व्हावं म्हणून. फिट्सच्या गोळ्या पोटातल्या पोराचं डोकं बिघडवतात."

"तुमच्या मुलीची गोळी डॉक्टरांनी बदलली होती. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत..." ती अडखळली. "तरी भीती वाटली."

"कधी बदलल्यात?"

"रविवारी. सगळ्यांची नजर चुकवून बाटली रिकामी केली आणि माझ्या गोळ्या भरल्या."

बाटलीला कुणी हात लावलेला नव्हता. इन्स्पेक्टरबाईंनी टेबलावरच्या वाटीतली एक शेंगदाण्याएवढी गोळी तिच्यासमोर सरकवली. "उचलून दाखवता?"

आईने हात पुढे केला. बोटं गोळीभोवती नाचली, गोळी घरंगळली, टेबलावरून खाली गेली. असल्या बोटांनी अरुंद खणांत रेघेला रेघ लावून गोळ्या बसवणं शक्य नव्हतं.

"तुम्ही कुणासाठी खोटं बोलताय?" इन्स्पेक्टरबाईंनी विचारलं. "त्या दिवशी तुम्ही मुलीला म्हणालात, गोळ्यांनी बाळाच्या डोक्याचं वाटोळं केलं. अजून जन्मालाही न आलेल्या मुलाबद्दल असं कसं म्हणालात?"

आई उत्तर द्यायच्या आत बाहेरचं दार वाजलं. पस्तिशीकडे झुकलेला एक माणूस आत आला. स्वच्छ शर्ट, गळ्यापर्यंत लावलेली बटणं. त्याने पाहुणीकडे बघितलं, खाली पडलेली गोळी बघितली, वाकून उचलली आणि वाटीत ठेवली.

"बाळ," आई घाईघाईने म्हणाली, "तू आत जा. मोठ्यांचं बोलणं चाललंय."

५

दुसऱ्या दिवशी दुपारी इन्स्पेक्टरबाई बटणांच्या कारखान्यात गेल्या. बाळ तिथे बटणं पुठ्ठ्यावर टाचायचं काम करत होता. त्याच्यासमोर पुठ्ठ्यांचा गठ्ठा होता आणि प्रत्येक पुठ्ठ्यावर बटणांची भोकं एका रेषेत होती.

"वाकडं लागलं की कार्ड परत येतं," मुकादम कौतुकाने म्हणाला. "याचं एकही येत नाही. बोलायला तेवढा वेळ लावतो. विचारलेलं सकाळी आणि उत्तर दुपारी."

इन्स्पेक्टरबाईंनी स्टूल ओढून घेतलं आणि त्याच्यासमोर बसल्या.

"मला काही विचारायचंय. सावकाश सांग."

तो थांबला. सुई पुठ्ठ्यात खोचून ठेवली. त्यांनी विचारलं, "ताईच्या डब्यातल्या गोळ्या तू बदलल्यास?"

बराच वेळ गेला. शेजारच्या टेबलावर बटणं ओतल्याचा आवाज झाला.

"हो," तो म्हणाला.

"कुणाला सांगितलं नाहीस?"

"कुणी... विचारलं नाही."

तो उठला आणि भिंतीतल्या आपल्या कप्प्यातून एक चपटी डबी घेऊन आला. डबीत फिट्सच्या खऱ्या गोळ्या होत्या, एकीशेजारी एक. "औषध टाकून द्यायचं नाही, आई म्हणते. म्हणून ठेवल्या."

मग एकेक वाक्य करून त्याने सांगितलं. रविवारी जेवण झालं की तो गॅलरीत बसतो. तिथे बसलं की स्वयंपाकघरातलं सगळं ऐकू येतं. तो ऐकतो, हे कुणाच्या लक्षातच येत नाही. त्या दिवशी आई रडत म्हणाली की त्या गोळ्यांनी बाळाच्या डोक्याचं वाटोळं केलं. तो पोटात होता तेव्हा ती घेत होती. मग ताई हळू आवाजात बोलायला लागली, ते त्याला कळलं नाही. ताईही रोज गोळ्या घेते, एवढं त्याला माहीत होतं.

"मला वाटायचं, मी असाच आलो," तो म्हणाला. "कशामुळे तरी झालं, हे माहीत नव्हतं. ताईच्या बाळाचं नको व्हायला. मला शाळेत... कुणी बसायचं नाही शेजारी."

आईच्या कॅल्शियमच्या गोळ्या तोच दुकानातून आणायचा. त्यातल्या त्याने जपून बाजूला काढल्या आणि रविवारी, सगळी बाहेरच्या खोलीत असताना, खण एकेक करून बदलला. एका रविवारी, मग पुढच्या रविवारी.

म्हणजे नणंदेने ऐकलेला बाळ समोर बसला होता. तिला ते पोटातलं वाटलं. ती या घरात नवखी, आणि जेवून गॅलरीत जाणाऱ्या भावाला सहसा कुणी हाकच मारत नसे; वहिनीच्या पस्तिशीतल्या भावाचं घरातलं नाव अजून हेच आहे, हे तिला माहीत नव्हतं. आईने काल गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांकडे पाहिलं, तेव्हाच तिला कळलं असणार की त्या इतक्या लवकर का संपल्या. तिने सगळं स्वतःवर घेतलं.

आता पुढचं सांगणं इन्स्पेक्टरबाईंच्या वाट्याला आलं होतं. दुसरं कुणीतरी सांगेल म्हणून उठून जाता आलं असतं. या माणसाच्या बाबतीत आजवर सगळ्यांनी तेच केलं होतं.

"ताईची गोळी ती नव्हती," त्या म्हणाल्या. "आईची गोळी वेगळी. ताईची डॉक्टरांनी आधीच बदलली होती, बाळाला त्रास होऊ नये म्हणूनच. ती बंद झाली म्हणून ताईला फिट आली."

त्याने आपल्या हातांकडे बघितलं.

"मी पाडलं ताईला."

"तू मुद्दाम केलं नाहीस. पण झालं ते त्यामुळे झालं."

"मला कुणी सांगितलं का नाही?"

त्या तिथेच बसून राहिल्या. थोड्या वेळाने मुकादमाने विचारलं, कुणाला चहा हवाय का. दोघांनीही ऐकलं नाही.

६

ताई शुद्धीवर आली तेव्हा नवरा शेजारी होता. व्हॅनमध्ये बसायचं त्याने तिला सांगून टाकलं, आणि गोळ्या कुणीतरी बदलल्याचंही. तो पोलिसांत जायच्या गोष्टी करत होता. आई दाराशी उभी राहून मीच केलं, मीच केलं म्हणत होती. इन्स्पेक्टरबाईंनी तिला बाहेर नेलं आणि बाळाला आत पाठवलं. ही गोष्ट दुसऱ्या कुणी सांगायची नव्हती.

त्याने सांगायला खूप वेळ घेतला.

"मला विचारायचं होतंस," शेवटी ताई म्हणाली.

"तुम्ही हळू बोलत होतात."

तिने डोळे मिटून घेतले. "पोलिसांत जायचं नाही," ती नवऱ्याला म्हणाली. मग भावाला म्हणाली, "पण तू आत्ता जा. मला आत्ता तुला बघवत नाही."

तो गेला. इन्स्पेक्टरबाईंनी अहवालात रुग्णालयाचा दोष नाही एवढंच लिहिलं. वरच्यांनी पुढचं काही विचारलं नाही.

मुलगी थोडी आधी जन्मली, पण रडली छान. डॉक्टरांनी ती नीट वाढतेय का हे बघायला दर काही आठवड्यांनी बोलावलं. त्या त्या दिवशी बाळ सुट्टी घेऊन यायचा. तारीख त्याला आईकडून कळायची. तपासणीच्या खोलीबाहेर, कॉरिडॉरच्या टोकाच्या बाकावर तो बसायचा. मेहुणा त्याच्यासमोरून मान वळवून जायचा. ताई पोरीला छातीशी धरून निघून जायची. तिने त्याला कधी हाकलून दिलं नाही आणि कधी हाकही मारली नाही.

इन्स्पेक्टरबाईंनी त्याला पहिल्यांदा तिथे बघितलं तेव्हा त्या आपला जेवणाचा डबा घेऊन वर आल्या. एरवी त्या तळघरात एकट्याच जेवायच्या. मग त्याच्या प्रत्येक फेरीला त्या वर यायला लागल्या. दोघं बाकाच्या दोन टोकांना बसायचे. बोलणं फारसं व्हायचं नाही. एकदा त्याने विचारलं, "तुमच्या घरी कोण?" त्या म्हणाल्या, "कुणी नाही." त्याने बराच विचार केला आणि म्हणाला, "मग इथे बरं."

पोर बसायला लागल्यानंतरच्या तपासणीला ताई एकटीच आली होती. नवऱ्याला कामावरून सुट्टी मिळाली नव्हती. ती खोलीतून बाहेर आली, नेहमीसारखी चार पावलं पुढे गेली आणि थांबली. मग मागे वळून बाकाजवळ आली. बाळ उठून उभा राहिला.

"डॉक्टर म्हणतात, आत्ता सगळं ठीक दिसतंय," ती म्हणाली. आवाज कोरडा होता, पण ती त्याच्याकडे बघून बोलत होती. "बसते, आवाजाकडे बघते, हसते. पण चालायला आणि बोलायला लागेपर्यंत खात्रीने सांगता येणार नाही. माझी फिट आणि ते पडणं, त्याचा काही परिणाम झाला असला तर तेव्हा दिसेल. कदाचित काहीच नसेल. कळलं?"

"कळलं."

"मी हळू बोलले नाही ना?"

"नाही."

पोरीने हात लांब करून त्याच्या शर्टाचं वरचं बटण पकडलं. तो हलला नाही. ताईने तिचा हात सोडवायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला.

"उशीर झाला तर?" त्याने विचारलं.

"तर तुला सांगेन. आईच्याही आधी."

तो विचार करत राहिला. ताई उभी राहिली. मागून येणारी माणसं त्यांना वळसा घालून जात होती.

"उशीर झाला तर," तो म्हणाला, "तिला घाई करायची नाही. समोर बसायचं. आणि... थांबायचं. ती बोलेल."

ताई बाकावर बसली.

इन्स्पेक्टरबाईंनी आपला डबा बंद केला आणि जागा करून देण्यासाठी उठल्या. दोघांपैकी कुणाचंच त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. त्या जिना उतरून खाली आल्या, चादरींच्या गोदामावरून पुढे गेल्या आणि खोलीचं दार उघडून आत बसल्या. उरलेली पोळी थंड झाली होती. त्यांनी ती सावकाश खाल्ली.